बारा तत्त्वं लावली, तरी पात्र निर्जीव का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲनिमेशनची बारा तत्त्वं तुम्हाला पाठ आहेत. चेंडू उसळवून झाला, वॉक सायकल (पुन्हा पुन्हा चालवता येणारी चालण्याची आवर्तनं) जमली, आणि आता पात्राच्या अभिनयाचा पहिला शॉट तुम्ही पूर्ण केलात. त्यात स्क्वॉश (दबणं-ताणलं जाणं) आहे, अँटिसिपेशन (हालचालीआधीची तयारी) आहे, ओव्हरलॅपही (शरीराचे भाग पुढे-मागे हलणं-थांबणं) आहे. तरी पात्र निर्जीव वाटतं. मग ही तत्त्वं पात्रात जीव आणतात म्हणजे नेमकं काय करतात?

माझं उत्तर असं, की यातलं प्रत्येक तत्त्व हालचालीमागचं कारण दाखवतं. पडद्यावर काही हललं की बघणाऱ्याचा मेंदू लगेच विचारतो, हे कशाने हललं? 'कुणीतरी ढकललं' असं उत्तर आलं, तर ती वस्तू. 'त्याला हलायचं होतं' असं उत्तर आलं, तर ते पात्र. काही तत्त्वं शरीराचं वजन पटवून देतात, काही त्या शरीरातलं मन. तुमच्या शॉटमध्ये तत्त्वं आहेत, पण कुठलं कशासाठी वापरलंय हे ठरलेलं नाही, म्हणून ती वरून लावल्यासारखी दिसतात.

ही यादी कुठून आली ते आधी सांगतो, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन ज्येष्ठ ॲनिमेटरांनी ती १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात मांडली. पण तत्त्वं घडली ती १९३० च्या दशकात. १९३२ साली वॉल्ट डिस्ने यांनी लॉस एंजेलिसच्या शुनार्ड कला विद्यालयातले शिक्षक डॉन ग्रॅहम यांना स्टुडिओत वर्ग घ्यायला बोलावलं. दिवसभर विनोदी कार्टून काढणारे लोक संध्याकाळी माणसं आणि प्राणी समोर ठेवून रेखाटनं करू लागले, चित्रित केलेल्या हालचाली संथ करून बघू लागले. त्याच काळात पेन्सिल टेस्टची पद्धत रुळली. कच्ची रेखाटनं शाई-रंगाला पाठवण्याआधीच कॅमेऱ्यावर घेऊन बघायची. त्यामुळे कुठे गडबड होतेय ते चौघांना एकत्र बसून दिसायला लागलं, आणि दिसलेल्या गोष्टीला नाव द्यायची गरज पडली. तत्त्वं म्हणजे ही नावं. चालू कामातल्या दुरुस्त्यांना ती मिळाली. कोऱ्या कागदावर नियम म्हणून ती कुणी आधी लिहिली नव्हती. तुम्हीही त्यांच्याकडे दुरुस्तीची हत्यारं म्हणून बघा, खूप फरक पडेल.

या सगळ्या अभ्यासामागे कारण होतं. १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट येणार होता. सात-आठ मिनिटांच्या विनोदी फिल्ममध्ये प्रेक्षक हसला की काम झालं. सव्वा तासाहून जास्त वेळ चित्रांकडे बघत बसायचं आणि बुटक्यांबरोबर रडायचं, तर त्या बुटक्यांना मन आहे हे पटावं लागतं.

त्याआधीची दोन कामं प्रत्येक विद्यार्थ्याने फ्रेम-फ्रेम पुढे ढकलत बघावीत असं मला वाटतं. पहिलं १९३३ चं 'थ्री लिटल पिग्ज'. तिन्ही डुकरं दिसायला जवळजवळ सारखी, कपडे आणि टोप्या तेवढ्या वेगळ्या. फ्रेड मूर यांनी त्यांच्या चालण्या-नाचण्यातून त्यांचे स्वभाव वेगळे केले. दोन उनाड, एक जबाबदार, आणि हे संवाद न ऐकताही कळतं. दुसरं १९३४ च्या 'प्लेफुल प्लूटो'मधलं माश्या पकडायच्या चिकट कागदाचं दृश्य, नॉर्म फर्ग्युसन यांनी केलेलं. कुत्रा कागदावर बसतो, कागद चिकटतो, तो एका ठिकाणचा सोडवतो तर दुसरीकडे चिकटतो. विनोद चिकटण्यात आहे तितकाच दोन प्रयत्नांच्या मधल्या जागेतही आहे. प्लूटो थांबतो, बघतो, त्याला काहीतरी सुचतं, मग तो करतो. त्याचं डोकं चालताना दिसतं. रेखाटनं तशी रांगडी आहेत, त्याने काही बिघडत नाही.

आता वजन. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण नवशिक्यांचे बहुतेक शॉट इथेच पडतात.

डिस्नेच्या स्टुडिओत नव्या मुलांना अर्धं भरलेलं पिठाचं पोतं काढायला द्यायचे. पोत्याला ना चेहरा, ना हात. पण ते आपटलं की पसरतं, उचललं की लांबतं, वळवलं की त्याला पीळ पडतो. आतलं पीठ मात्र तेवढंच राहतं. स्क्वॉश अँड स्ट्रेच म्हणजे एवढंच: आकार बदलेल, आकारमान बदलणार नाही. चेंडू चपटा करताना बाजूंनी फुगवला नाही, तर तो दबल्यासारखा वाटत नाही, लहान झाल्यासारखा वाटतो. पात्र जितकं मऊ, तितका हा बदल जास्त. पात्र कडक असेल तर बदल सांध्यांत जातो: गुडघे, कंबर, मान. हा मुद्दा पुढे दिव्याच्या उदाहरणात पुन्हा येईल.

वजनाबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की जड वस्तू झपकन पडते म्हणून तिचं टायमिंग जलद ठेवायचं. तसं नसतं. हवेचा अडथळा फारसा नसेल तर ७५ सेंटिमीटरच्या टेबलावरून रबर पडो की लोखंडी वजन, जमिनीवर पोचायला दोघांनाही सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात नऊ-दहा फ्रेमच लागतात. १० मीटर उंचीवरून पडायला साधारण ३४ लागतात. पडण्याचा वेळ उंची ठरवते, म्हणूनच राक्षसाची पावलं संथ ठेवावी लागतात. ती जलद ठेवली की तो राक्षस चार फुटांचा वाटू लागतो. वजन दिसतं ते हालचालीच्या दोन टोकांना: सुरू व्हायला किती कष्ट पडले आणि थांबायला किती. नेमक्या या दोन जागा आपण सॉफ्टवेअरवर सोडून देतो.

एक शॉट बांधून बघू. आजी पाण्याने भरलेली तांब्याची कळशी जमिनीवरून उचलून कमरेवर घेते.

आधी डोळे कळशीकडे जातात. दोन-तीन फ्रेमनंतर डोकं, मग खांदे. आता थांबा. बारा-पंधरा फ्रेम ती नुसती बघते. पदर खोचते. पदर खोचणं ही दुय्यम क्रिया, सेकंडरी ॲक्शन, पण ती मुख्य क्रियेचीच बातमी देते: हे जड आहे, हे आजीला माहीत आहे. मग एक पाय किंचित मागे. तो पाय उचलण्याआधी शरीराचा भार दुसऱ्या पायावर गेलेला दिसला पाहिजे. हे राहिलं की पात्र जमिनीवर घसरतंय असं वाटतं. मग वाकणं, काठ धरणं. आणि आता सगळ्यात मोलाचे सहा-आठ फ्रेम: आजी ओढायला लागली आहे, कोपर सरळ झालं, खांदे खाली खेचले गेले, पाठ ताणली, आणि कळशी जागची हललेली नाही. या फ्रेममध्ये प्रेक्षकाचे स्वतःचे खांदे आखडतात. मग कळशी सुटते. पहिल्या काही फ्रेममध्ये केसाएवढं अंतर, मग वाढत जाणारं. कळशी कमरेकडे येते तसं सगळं शरीर दुसऱ्या बाजूला कलतं, मोकळा हात बाहेर फेकला जातो, कंबर बाहेर येते. कळशी टेकली की आजी तीन-चार फ्रेम खाली दबते आणि सावरते. ती सावरल्यानंतर आतलं पाणी हिंदकळतं, थोडं सांडतं. हा फॉलो थ्रू. पाणी आजीबरोबरच थांबलं, तर ते पाणी वाटत नाही.

आता हाच शॉट रिकाम्या कळशीचा करा. मांडणी तीच ठेवा, पण हात ओढू लागल्या क्षणी कळशी सोबत येते, शरीर कलत नाही, हात सुटा राहतो. दोन्ही शॉट शेजारी लावून बघा. कळशीच्या मॉडेलमध्ये काहीही बदललेलं नाही.

आणि तिसरा: कळशी भरलेली आहे, पण आजीला ती रिकामी वाटते. ती दुसरीकडेच बघत सहज हात घालते, अंग वर उठतं, आणि हात मागे अडकून राहतो. ती थांबते. आता डोळे कळशीकडे. इथे तुम्हाला वजनही मिळालं आणि मनही, कारण तिचा अंदाज चुकला. अंदाज फक्त जिवंत गोष्टच बांधते. अँटिसिपेशनला आपण 'उडी मारण्याआधी खाली बसणं' एवढंच समजतो, आणि ते शारीरिक अर्थाने खरंही आहे. पण त्या तयारीतून पात्राला काय अपेक्षित आहे तेही कळतं. किती तयारी केली यावरून त्याला समोरचं काम किती मोठं वाटतंय ते कळतं. तुमच्या शॉटमध्ये प्रत्येक हालचालीआधी सारखीच अँटिसिपेशन असेल, तर त्या पात्राला जगातली प्रत्येक गोष्ट सारखीच कठीण वाटते असा त्याचा अर्थ निघतो.

मनाच्या बाबतीत सर्वांत स्वच्छ उदाहरण पिक्सारच्या १९८६ च्या 'लक्सो ज्युनिअर'चं. दोन टेबल लॅम्प, एक मोठा, एक छोटा, आणि एक चेंडू. चेहरे नाहीत, डोळे नाहीत, संवाद नाहीत. धातू असल्यामुळे शरीर ताणता येत नाही, म्हणून सगळा स्क्वॉश सांध्यांच्या घडीत घातलेला आहे. छोटा दिवा उडीआधी घडी होतो, हवेत लांबतो, उतरताना पुन्हा घडी होतो. मागची वायर उशिरा येते. मोठ्या दिव्याच्या हालचाली संथ आणि मोजक्या, छोट्याच्या चटपटीत. एवढ्यावर वय कळतं. छोटा दिवा नुसता मोठ्याला लहान करून बनवलेला नाही हेही बघण्यासारखं आहे: शेड आणि दांडे छोटे केले, बल्ब मात्र मोठ्याएवढाच ठेवला, म्हणून प्रमाण लहान मुलाचं वाटतं. त्या वर्षी संगणक-चित्रणाच्या परिषदेत फिल्म दाखवल्यावर जिम ब्लिन हे त्या क्षेत्रातले नामवंत तज्ज्ञ दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांच्याकडे प्रश्न घेऊन आले. लॅसेटरांना वाटलं, सावल्यांच्या गणिताबद्दल विचारणार. ब्लिन यांनी विचारलं, मोठा दिवा आई आहे की वडील? पुढच्याच वर्षी लॅसेटरांनी ही जुनी तत्त्वं संगणकावर कशी लागू पडतात यावर निबंध सादर केला. त्रिमितीत काम करणाऱ्याने तो मिळवून वाचावाच.

त्या फिल्ममधलं स्टेजिंगही शिकण्यासारखं आहे. एका वेळी एकच गोष्ट घडते. छोटा हलत असतो तेव्हा मोठा जवळजवळ स्थिर, आणि मोठा प्रतिक्रिया देतो तेव्हा छोटा गप्प. प्रेक्षकाची नजर एकच असते. पात्राच्या चेहऱ्यावर विचार बदलतोय आणि त्याच क्षणी तुम्ही त्याचा हात हवेत फिरवलात, तर तो विचार वाया गेला. चेहरा बदलू द्या, मग हात.

पात्राला डोळे असतील तर काम बरंच सोपं होतं. विचार आधी डोळ्यांत पोचतो. डोळे वळले, मग डोकं, मग धड, या क्रमाने वळलेलं पात्र स्वतःहून वळलं असं वाटतं. डोकं आधी आणि डोळे मागून आले तर ते पेंगुळलेलं किंवा धक्का बसलेलं वाटतं. तेही उपयोगी आहे, फक्त ठरवून करा. पापण्या ठरावीक अंतराने मिटवू नका. नजर एका गोष्टीवरून दुसरीवर जाताना, विचार बदलताना मिटवा. पाच ते आठ फ्रेम पुरतात. डोकं वळताना सरळ रेषेत जात नाही, मध्ये किंचित खाली झुकून येतं. ही कमान, म्हणजे आर्क. ती नसेल तर यंत्र दिसतं.

टायमिंगचा एक छोटा प्रयोग आजच करा. डोकं डावीकडून उजवीकडे वळण्याच्या दोन पोझ घ्या. मध्ये एकही चित्र ठेवलं नाही, तर कुणीतरी थोबाडीत मारली. दोन-तीन ठेवली, तर हाक ऐकून चमकून बघितलं. सहा-सात, तर 'कोण आहे?' असं सहज बघितलं. बारा-चौदा, तर मान दुखतेय, किंवा वळून बघायचीच इच्छा नाही. दोन पोझ त्याच, माणसं चार. मग मधली चित्रं एका टोकाकडे सरकवा, म्हणजे स्पेसिंग बदला: शेवटच्या पोझपाशी गर्दी केली तर डोकं अलगद थांबतं, पहिल्या पोझपाशी केली तर आधी घुटमळतं आणि मग झटक्यात वळतं.

आता तुमच्या शॉटकडे. न बघताही दोन-तीन गोष्टींचा अंदाज सांगतो, कारण त्या सॉफ्टवेअरमुळेच घडतात.

ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोझची मांडणी, झाल्यावर स्प्लाइनचं (पोझ गुळगुळीत जोडणारं) बटण दाबलं की प्रोग्राम प्रत्येक कीच्या, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या पोझच्या, दोन्ही बाजूंना सारखाच स्लो इन आणि स्लो आउट (हळू थांबणं आणि हळू सुटणं) देतो. सगळं गुळगुळीत होतं आणि पात्र पाण्याखाली तरंगू लागतं. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीचे वक्र दिसतात तिथे, जाऊन प्रत्येक वक्राला विचारा: इथे वेग कमी करायला काय कारण आहे? जमिनीवर पाय आदळताना वेग कमी होत नाही, आदळल्यावर संपतो. वक्र तिथे टोकदारच हवा.

ओव्हरलॅप द्यायचा म्हणून हाताच्या प्रत्येक सांध्याच्या कीज दोन-दोन फ्रेम पुढे सरकवणं हा दुसरा शॉर्टकट. त्याने हाडं वितळल्यासारखी दिसतात. खरं तर जोर कुठल्या सांध्यातून निघाला तिथून क्रम ठरतो. ठोसा कमरेतून निघतो, बोट दाखवणं मनगटातूनही निघू शकतं. टोकाकडचा भाग मागे राहतो तो त्याला कुणीतरी ओढतंय म्हणून. जो भाग स्वतः पुढाकार घेतोय, तो मागे राहत नाही.

तिसरी, स्थिर क्षण. कागदावरचं एकच चित्र अर्धा सेकंद धरून ठेवलं तरी खपतं. त्यातली रेषाच बोलत असते. जपानी ॲनिमेशनने तर १९६० च्या दशकापासून या धरून ठेवण्यावर मोठी कला उभी केली. त्रिमितीतलं पात्र मात्र पूर्ण थांबलं की तत्क्षणी मरतं. तिथे मूव्हिंग होल्ड लागतो: त्याच पोझची किंचित जास्त ताणलेली आवृत्ती करायची आणि दहा-वीस फ्रेम त्या दिशेने सरकत राहायचं, सोबत श्वास.

दोन्ही हात एकाच फ्रेमला एकसारखे हलणं, ज्याला ट्विनिंग म्हणतात, तेही तपासा. सॉलिड ड्रॉइंगबद्दल फार लिहीत नाही. त्रिमितीत त्याचा अर्थ इतकाच, की पोझचं सिल्हूट काळं करून बघितलं तरी क्रिया कळावी आणि भार कुठल्या पायावर आहे ते दिसावं. स्ट्रेट अहेड (पहिल्या चित्रापासून सलग पुढे जाणं) की पोझ टू पोझ (आधी मुख्य पोझ, मग मधली चित्रं), याचा वाद अभिनयाच्या शॉटमध्ये कामाचा नाही: पात्राची क्रिया पोझ टू पोझ करा, शेपटी, केस, पदर सलग पुढे करत जा.

अतिशयोक्तीवर मात्र थांबून बोलायला हवं. पुष्कळ विद्यार्थी विचारतात, खऱ्या माणसाचा व्हिडिओ घेऊन तसाच गिरवला तर? हा प्रयोग फार जुना आहे. मॅक्स फ्लायशर यांना रोटोस्कोपचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. चित्रित माणसाच्या फ्रेम काचेवर पाडून त्यावरून रेखाटायचं. नुसतं गिरवलेलं पात्र फिकं पडतं असा तेव्हापासूनचा अनुभव आहे, आणि मोशन कॅप्चरचा कच्चा डेटाही त्याच कारणाने फिका वाटतो. खऱ्या माणसाची त्वचा, स्नायू, डोळ्यांतलं पाणी यांतून जाणारी शंभर बारीक चिन्हं चित्रात गळून पडतात. त्यांची भरपाई उरलेल्या मोजक्या चिन्हांना मोठं करून द्यावी लागते. म्हणजे स्वतःचा व्हिडिओ जरूर घ्या, मीही घेतो, पण त्यातून कारण उचला: भार कधी सरकला, श्वास कधी घेतला, नजर कधी वळली. ते उचललं की व्हिडिओ बंद करा आणि त्या क्षणांना वाढवा. काय वाढवायचं हे पात्राच्या इच्छेवरून ठरतं. चिडलेल्या माणसाचे भुवया-ओठ सगळेच ताणले तर नुसतं तोंड वेडावल्यासारखं दिसतं. तो राग दाबतोय हे ठरलं, तर फक्त जबडा आणि बोटं वाढवायची.

अपील म्हणजे गोंडसपणा नव्हे, खलनायकालाही ते हवं. बघत राहावंसं वाटणं एवढाच त्याचा अर्थ, आणि माझ्या मते ते पात्राला काय हवंय हे स्पष्ट असण्यातून येतं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे उशिरा आलं, असं तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, म्हणून एक सांगतो. डिस्नेतले ॲनिमेटर क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या कार्टून विभागातल्या तरुणांना त्यांनी शिकवलं. वीक्स यांचा जन्म भारतातलाच, मिशनरी कुटुंबातला. पुढच्या वर्षी जातककथेवरचा 'द बनियन डिअर' तयार झाला. त्या तरुणांपैकी राम मोहन यांनी पुढे आपल्या ॲनिमेशनच्या कित्येक पिढ्या घडवल्या. म्हणजे ही तत्त्वं पुस्तकात छापून येण्याच्या पंचवीस वर्षं आधीच मुंबईत हातातून हातात पोचली होती.

तुमच्या शॉटसाठी आता एवढंच करा. फाइलची प्रत काढून तिच्यात फक्त मुख्य पोझ ठेवा, बाकी कीज पुसा, स्टेप्ड मोडवर (मधली हालचाल न भरता पोझवरून पोझवर उडी) न्या. प्रत्येक पोझखाली एका ओळीत लिहा, या क्षणी पात्राला काय हवंय. दोन पोझखाली तीच ओळ आली तर एक पोझ काढून टाका. जिथे ओळ बदलते तिथे नजर आधी बदला आणि निदान आठ फ्रेम थांबा. आवाज बंद करून शॉट अशा कुणाला तरी दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही, आणि हे पात्र आता काय करणार आहे असं मधेच थांबवून विचारा. त्याला सांगता आलं, तर स्प्लाइनवर जा. ओव्हरलॅप, केस, पदर हे सगळं त्यानंतर.